‘अज्जी’ला टाळ्या, पण मंदाचं काय?

देवाशिष मखीजा यांचा ‘अज्जी’ हा हिंदी थरारपट २०१७ साली आला. नावाजलेले नट नाहीत, बेताचा खर्च. बुसानच्या महोत्सवात दाखवला गेला आणि नोव्हेंबरमध्ये ‘फक्त प्रौढांसाठी’ असं प्रमाणपत्र घेऊन आपल्याकडे लागला. आपल्यासाठी त्याचं मोठं आकर्षण म्हणजे सुषमा देशपांडे. ‘व्हय मी सावित्रीबाई’ गावोगाव नेणाऱ्या सुषमाताई इथे वस्तीतल्या, गुडघेदुखीने वाकलेल्या आजी आहेत.

आजीची दहा वर्षांची नात मंदा कचऱ्याच्या ढिगात सापडते. अत्याचार करणारा पुढाऱ्याचा मुलगा. पोलीस अधिकारी घरी येतो तो तक्रार लिहून घ्यायला नव्हे, घरच्यांना गप्प करायला. मग आजी खाटकाकडून मांस कापायला शिकते, रात्री त्या माणसाच्या मागावर राहते आणि त्याचा काटा काढते.

म्हातारी, गरीब बाई थरारपटाची नायिका होते याचं मला अप्रूप वाटलं. आईबाप पोटाच्या भीतीने गप्प बसतात, तेही खरं आहे. दुकानातल्या पुतळ्याचा प्रसंग मात्र मला नको इतका लांबलेला वाटला. त्या माणसाची विकृती समजायला त्याचा निम्मा भाग पुरला असता. त्या क्रौर्यावर समीक्षकांनीही बरंच लिहिलं. काहींना ते असह्य झालं, काहींना सूड पाहून समाधान वाटलं.

माझी अडचण त्या समाधानाशी आहे. सूडकथा रंगायची तर कायदा सुरुवातीलाच मरावा लागतो. तो मेला, की मुलीचंही काम संपतं. मंदा खाटेवर पडून राहते आणि कॅमेरा आजीबरोबर बाहेर पडतो. आमच्या बेलापूरच्या गटात हा चित्रपट पाहिला तेव्हा एकीने लगेच विचारलं, “ताई, पोरगी पुन्हा शाळेत गेली का?”

हा प्रश्न पडद्यापुरता नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले. तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी कित्येक तास लावले. लोकांनी रेल्वे अडवली, फाशी मागितली. सप्टेंबरमध्ये तळोजा कारागृहातून नेलेला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. खटला चालण्याआधीच माणूस गेला. तक्रारीला उशीर का झाला, शाळेने काय दडवलं, हे प्रश्न त्या फलकांखाली झाकले गेले.

मैत्रिणींनो, बायकांना सूड हवासा वाटतो त्यात नवल नाही. पोलीस ठाण्याच्या बाकावर रात्र काढलेल्या आईला मी संयम शिकवणार नाही. पण तिला हेही कळायला हवं, की बलात्काराची तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या १९९ कलमाखाली किमान सहा महिने सक्तमजुरी होऊ शकते. मुलीचा जबाब घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा, असं २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो. मुलीसोबत साहाय्यक व्यक्ती देण्याची तरतूद २०२० च्या नियमांत आहे. आमच्या बेलापुरात तर पोलीस आयुक्तालयच आहे, ठाण्यात दाद लागली नाही तर तिथे जाता येतं.

‘अज्जी’ गटात जरूर दाखवा. फक्त तो अधिकारी घरात शिरतो तिथे चित्रपट थांबवा, आणि आता आपण काय करायचं ते बायकांनाच बोलू द्या. आम्ही थांबवला तेव्हा पाऊण तास गेला आणि उरलेला चित्रपट पुढच्या बैठकीत पाहावा लागला.