सोसणं आणि मोजणं

आजचा विषय थोडा अवघड आहे. समजायला तितकासा नाही, बोलायला जास्त. घरातल्या पुरुष वाचकांनी "हा बायकांचा विषय" म्हणून पान उलटू नये, अशी आधीच विनंती करते.

माझ्या पुतण्याची मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मध्यंतरी बोलता बोलता म्हणाली, "आजी, आमच्या शाखेतले काही जण आता बाळंतपणाचं गणित मांडतात." मी म्हटलं, "बाळंतपणाचं कसलं गं गणित?" मग तिने समजावून सांगितलं, वाचायला दिलं, अडलं तिथे पुन्हा सांगितलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, जन्मभर व्याकरण आणि निबंध शिकवले. पण जेवढं उमगलं त्यातून एक मत पक्कं झालं. ते असं की बाईचं शरीर किती सोसतं हे मोजणं, हा तिचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे. आणि हे मोजणं इलाजाच्या आधी व्हायला हवं.

आधी थोडी शरीराची ओळख. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, आतड्याचा शेवटचा भाग, सगळं त्या झोळीवर विसावलेलं. बाळ बाहेर येतं ते या झोळीच्या मधल्या फटीतूनच. झोळी सैल पडली किंवा हाडापासून सुटली तर खोकताना, हसताना लघवी निसटते. पुढे पुढे अंग बाहेर येतं. हा शब्द आपल्या आज्या दबक्या आवाजात वापरत, आठवतोय ना?

पेगी नॉर्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी याला छान उपमा दिली आहे. धक्क्याला दोरांनी बांधलेली होडी डोळ्यांसमोर आणा. होडी म्हणजे गर्भाशयासारखे अवयव, खालचं पाणी म्हणजे स्नायूंची झोळी आणि दोर म्हणजे अवयवांना धरून ठेवणारे बंध. पाणी आहे तोवर दोरांवर भार नसतो. पाणी ओसरलं की सगळं वजन दोरांवर येतं आणि दोर हळूहळू झिजत तुटतात.

आता इंजिनिअर इथे काय करतात? पूल बांधायचा तर कुठल्या खांबावर किती भार येईल याचा हिशोब आधी होतो. त्यासाठी पुलाचे संगणकात हजारो लहान लहान तुकडे पाडतात. एक तुकडा ओढला तर किती ताणेल, शेजारच्याला किती ओढेल, हे समीकरणांनी मांडतात आणि सगळ्या तुकड्यांचं उत्तर संगणक काढतो. हीच रीत या मंडळींनी शरीराला लावली. एमआरआयच्या चित्रांवरून झोळीचा आकार घेतला, स्नायूचे तुकडे पाडले आणि त्यातून बाळाचं डोकं, अर्थात संगणकातलं, हळूहळू पुढे सरकवलं. खऱ्या बाळंतिणीवर असा प्रयोग करता येणार नाही, करूही नये. म्हणून हा खटाटोप.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉन डिलॅन्सी हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि जेम्स अ‍ॅश्टन-मिलर हे मेकॅनिकल इंजिनिअर यांनी वर्षानुवर्षं जोडीने हे काम केलं. २००४ साली त्यांच्या गटाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात झोळीचा सगळ्यात आतला, सगळ्यात आखूड पट्टा बाळाचं डोकं बाहेर येताना मूळ लांबीच्या ३.२६ पट ताणला जातो, असं उत्तर आलं. म्हणजे चार सेंटिमीटरचा पट्टा तेरा सेंटिमीटर! हातापायांचे स्नायू इजा न होता साधारण दीडपट ताणतात, असं त्याच निबंधात तुलनेसाठी दिलं आहे. बाळाच्या डोक्याचा व्यास ९ टक्क्यांनी वाढवून पाहिला, तर ताणही तेवढाच वाढला.

हे वाचून मी क्षणभर पुस्तक मिटवून बसले. "बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म" असं आपण सहज म्हणून जातो. त्या म्हणीत किती खरं होतं, ते एका आकड्यात दिसलं.

पण घाबरू नका. गरोदरपणात शरीर स्वतःला मऊ करून घेतं आणि बहुतेक जणींची झोळी हा ताण झेलते. याच डिलॅन्सींच्या गटाने २००३ साली पहिलटकरणींचे एमआरआय तपासले होते. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या १६० जणींपैकी ३२ जणींच्या या स्नायूत बिघाड दिसला, मूल न झालेल्या ८० जणींत एकीच्याही नाही. या १६० मध्ये लघवी निसटण्याचा त्रास असलेल्या निम्म्या जणी मुद्दाम घेतल्या होत्या, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा सगळ्या बायकांना लावू नये. तरी इजा होते, ती दिसते आणि ती कुठे होते हे कळतं, एवढं नक्की.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. स्नायू लोखंडासारखा वागत नाही, वेळेप्रमाणे वागतो. मुरलेली कणीक हळूच ओढली तर लांबते, हिसका दिला तर तुटते. तसंच काहीसं. त्यामुळे डोकं किती मोठं यासोबत ते किती वेळात पुढे सरकतं हेही या गणितात धरावं लागतं. जुन्या अनुभवी सुइणी शेवटच्या क्षणी "आता जोर करू नकोस, हळू" म्हणत. त्या हाताला कळलेली गोष्ट आता समीकरणात उतरते आहे.

गणित म्हटलं की उत्तर एकच, असं मात्र नाही. पोर्तुगालमध्ये पोर्तो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली असंच बाळंतपण मांडलं, तर ताण १.६३ पट आला. मिशिगनच्या निम्मा! कारण आकार वेगळा, स्नायूचे गुणधर्म वेगळे धरले, मोजण्याची पद्धत वेगळी. वर्गात आम्ही म्हणायचो, नुसतं उत्तर नको, रीत दाखवा. या मंडळींनी रीत मांडून ठेवली आहे, म्हणून पुढचा माणूस ती तपासू शकतो. नुसत्या "चालायचंच" या उत्तराला कसली रीत असते?

हिशोब आधी न केल्याने काय होतं, त्याचं उदाहरण सांगते. अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून प्लास्टिकची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसवण्याचे संच निघाले. अमेरिकेत २००२ साली अशा जाळीला विक्रीची वाट मोकळी झाली, तीही आधीच्या जाळ्यांशी साधर्म्य आहे एवढ्या आधारावर. अशा जाळ्या हर्नियाला वापरत होतेच. पुढे कित्येक बायकांना वेदना सुरू झाल्या, जाळी आतून कापत बाहेर येऊ लागली. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कामासाठीच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. इंग्लंडमध्ये २०२० साली या विषयावर सरकारी चौकशीचा अहवाल आला. बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

पिट्सबर्गमध्ये पामेला मोआली या डॉक्टर आणि स्टीव्हन अ‍ॅब्रामोविच हे इंजिनिअर यांनी जाळ्यांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की जाळी ओढली गेली की तिची भोकं मिटतात आणि मग तिथे शरीराचा भाग नीट जुळून येत नाही. यासाठी प्रयोगशाळाच कशाला, कांद्याची जाळीची पिशवी लांब ओढून पाहा, भोकं मिटलेली दिसतील! इतकी साधी गोष्ट कुणीतरी आधी ओढून पाहायला नको होती का? पुलाच्या बाबतीत हे आपण खपवून घेतलं असतं का?

आपल्याकडेही या प्रश्नाशी हुशार माणसं झुंजली आहेत. मूळ गोव्याचे, मुंबईत नाव काढलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचेच पुरंदरे, यांच्या नावाच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहेत. तरुण बाईचं अंग बाहेर येत असेल तर गर्भाशय काढून न टाकता त्याला पट्टीचा आधार देऊन वर धरायचं, ही त्यामागची कल्पना. होडीला नवे दोर लावले म्हणा ना. बाईची पिशवी वाचवायची हा विचार केवढा मोठा! पाण्याचं काय करायचं, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि तिथे या नव्या गणिताची मदत होऊ शकते.

गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. मोजलं म्हणून दिसलं. त्याआधीही ते दुखणं होतंच की, फक्त सोसण्याच्या खात्यात जमा होत होतं.

याच महाराष्ट्रात २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या या बायका. त्या ओझ्याने त्यांच्या झोळीवर किती दाब येतो, बाळंतपणानंतर किती दिवसांनी तो झेपतो, हे कुणी मोजायचं? मिशिगनचं ते २००४ चं गणित ३४ वर्षांच्या एका निरोगी अमेरिकन बाईच्या चित्रांवरून झालं. सुरुवात म्हणून ठीक आहे. पण विशीत दोन बाळंतपणं झालेल्या, पोटाला पुरेसं नसलेल्या, ओझी वाहणाऱ्या बाईचं शरीर त्यात कुठे आहे? न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी हालचाल करताना आतला दाब मोजणारं छोटं उपकरण तयार केलं आहे. आपल्या आयआयटीतल्या मुलामुलींनी असं काम उसाच्या फडापर्यंत न्यावं, असं मला मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल, एवढा ताण येतो तर सगळ्यांचं सिझेरियनच करा. मला हे पटत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातलं दर चौथं बाळंतपण सिझेरियनचं होतं. पोट फाडण्याचीही किंमत शरीर मोजतंच. धोका नेमका कुणाला जास्त आहे हे आधी सांगता आलं, तर सरसकट सगळ्यांवर एकच उपाय लादावा लागणार नाही. हिशोबाचा खरा उपयोग तो.

आमच्या शाळेत एक बाई होत्या. आठ तासिका उभं राहून शिकवायच्या, पण स्टाफरूममध्ये विनोद झाला की हसू दाबत. पर्समध्ये नेहमी एक जुनं मऊ कापड. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "वय झालं, असं व्हायचंच." वय किती? बेचाळीस. अहो, झोळी बळकट करणारे व्यायाम डॉ. केगल यांनी १९४८ सालीच छापले होते! ते कुणी त्यांना शिकवले असते तर कदाचित त्या मोकळेपणाने हसल्या असत्या.

म्हणून घरातल्या मुलींना आणि सुनांना एवढंच सांगते. बाळंतपणानंतर बाळाचं वजन आपण दर महिन्याला मोजतो. तसंच आईलाही विचारा, खोकताना काही त्रास होतो का, खाली जड वाटतं का. होत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगा, व्यायाम शिकून घ्या. आणि कुणी "चालायचंच" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.