लहान मुले व अंकज्ञान

चार-पाच वर्षांचे मूल शंभरापर्यंत आकडे घडाघडा म्हणू लागले की घरातील वडीलधाऱ्यांस धन्यता वाटते. परंतु त्याच मुलापुढे मूठभर शेंगा ठेवून 'यांतल्या सात मला दे' असे म्हणून पाहावे. पुष्कळदा ते गोंधळून जाते. आकड्यांची नावे जिभेवर आली. संख्या मात्र अद्याप हाती आलेली नसते. परवचा अवश्य म्हणवून घ्यावा. पण अर्थावाचून नुसते पाठांतर झाले, तर त्यातूनच पुढे गणिताची धास्ती बसते.

गणित आणि खेळ यांचे वैर आपल्याकडे मुळात नव्हते. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'तील उदाहरणांत भुंगे, कमळे व मोर आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला तो आपल्या खानदेशातच, चाळीसगावजवळील पाटण येथे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो.

मराठी मुलास मात्र एक अडचण विशेष आहे. २१ लिहिताना दोन आधी व एक मागून येतो. म्हणताना 'एक' आधी येतो. २९ मध्ये तर नवाचे नावही ऐकू येत नाही. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असेही वाचन सुचविले, तेव्हा केवढा गदारोळ उडाला! त्या वादात कोणी कोणताही पक्ष घ्यावा. मुलाची अडचण खरी आहे, व ती घरच्या घरी दूर करता येते.

चिंचोक्यांचे दहा-दहांचे तीन ढीग करावे. मुलाने डोळे मिटावे, आजीने हळूच एक चिंचोका उचलावा. 'तिसांत किती उणे?' 'एक.' 'एक उणे तीस, तेच एकोणतीस!' मग एकोणचाळीस, एकोणपन्नास ही नावे मूल आपण होऊन उलगडते. खराट्याच्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधाव्या. दोन जुड्या व एक सुटी काडी म्हणजे एकवीस. वजाबाकीला सुट्या काड्या पुरल्या नाहीत की जुडी सोडावी लागते. पुढे शाळेत दशक सुटा करावा लागतो, त्याचे मर्म येथेच कळते.

सहा कवड्या टाकून 'उताण्या चार, तर पालथ्या किती?' असे विचारावे. केळ्यांची फणी घरी आली की आधी अंदाज करवावा, मग मोजवावे. पंगतीचे पाट मांडताना पाने मुलाकडे द्यावी. पाट बारा व पाने दहा असली, तर किती आणावयाची हे ते स्वयंपाकघरात धावतच सांगावयास येईल.

दोन पथ्ये मात्र पाळावी. अगदी लहान मुले चिंचोके तोंडात किंवा नाकात घालतात. त्यांस वाट्या द्याव्या व जवळ बसावे. दुसरे, पाहुण्यांपुढे मुलाची परीक्षा घेऊ नये, आणि चुलत भावंडांशी तुलना तर मुळीच करू नये. चुकल्यास 'पुन्हा मोजून पाहू' एवढेच म्हणावे. दहा मिनिटांत कंटाळा दिसला, तर खेळ आवरावा. 'आजी, आणखी एक डाव' असे मुलाने म्हणावे, यातच त्या दिवसाचा अभ्यास पुरा झाला असे समजावे.