पाकिटाच्या दर्शनी बाजूला मीठ कधी लिहिणार?

माननीय अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली



मीठ, साखर आणि तेल थोडे थोडे कमी करा, असे आपण २०१८ मध्ये ‘आज से थोडा कम’ या मोहिमेतून आम्हाला सांगितले. सल्ला योग्यच होता. पण कमी करायचे ते मीठ नेमके किती आहे, हे पाकीट हातात घेतल्याघेतल्या कळण्याची सोय आपण अजून का केलेली नाही?

किराणा दुकानातले शेवेचे कुठलेही छोटे पाकीट घ्या. पुढे लालभडक मिरच्या आणि चवीची जाहिरात. मागे, जिथे पाकीट चिकटवलेले असते त्या दुमडीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांचा तक्ता. त्यात मीठ हा शब्दच नाही. आहे तो सोडियम, आणि तोही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणायचे, म्हणजे मीठ निघते: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, तेही बघायचे. मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की आपला नियम पाळला जातो, मराठी ऐच्छिक. रक्तदाबाची गोळी सुरू असलेल्या सत्तरीतल्या बाईंनी दुकानाच्या पायरीवर उभे राहून हे गणित सोडवावे, अशी आपली अपेक्षा आहे का?

सोपी खूण करता येत नाही, असे कृपया म्हणू नका. शाकाहारी पदार्थावरचा हिरवा ठिपका अक्षरओळख नसलेल्या माणसालाही समजतो. मिठाच्या बाबतीत सरकारला हात घालता येत नाही, असेही नाही. आयोडीन नसलेले मीठ थेट खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. मिठात काय असावे हे ठरवता येते, मग पदार्थात मीठ किती हे ठळक लिहायला लावताना कोणाची अडचण होते?

आपल्या या मौनाचा फायदा दुसरेच लोक घेतात. मीठ सोडा आणि आठवड्यात दोन किलो उतरवा, असे सांगणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. मिठात उष्मांक नसतात. शरीरात साठलेले साधारण ९ ग्रॅम जास्तीचे मीठ लिटरभर पाणी धरून ठेवते, म्हणून काटा वर जातो. मीठ तोडले की ते पाणी निघून जाते आणि काटा खाली येतो. चरबी होती तिथेच राहते. वजन खरोखर वाढते ते मिठासोबत पोटात जाणाऱ्या तेल-मैद्याने आणि खारट खाऊन लागलेल्या तहानेवर प्यायलेल्या गोड बाटलीने. आणि काट्यावर न दिसणारे नुकसान वेगळेच: चढलेला रक्तदाब, पक्षाघात, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे आजार. हे आपल्या शास्त्रज्ञांना ठाऊक नाही, असे मी क्षणभरही मानत नाही.

आमच्या लोणच्या-पापडांचे खापर मी आपल्यावर फोडणार नाही. भारतीय घरात बहुतेक मीठ आजही स्वयंपाकातूनच पोटात जाते, आणि तिथला चमचा आमच्याच हातात आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही, एवढेच मीठ खा म्हणते. आम्ही त्याच्या जवळपास दुप्पट खातो. पण ब्रेड, बिस्किटे, नूडल्समधला चमचा आमच्या हातात नाही. गोड बिस्किटातही सोडियम असते, हे तर जिभेलाही कळत नाही.

आता आपल्या वचनांकडे येतो. आहारातले मीठ २०२५ पर्यंत ३० टक्क्यांनी घटवायचे, हे उद्दिष्ट जगाबरोबर भारताने २०१३ मध्ये स्वीकारले. ते साल उलटून गेले. चरबी, साखर, मीठ जास्त असेल तर पाकिटावर लाल रंग दाखवा, असे २०१८ च्या मसुद्यात आपणच लिहिले होते. उद्योगांनी हरकती घेतल्या आणि मसुदा पुन्हा समितीकडे गेला. २०२२ मध्ये लाल रंगाच्या जागी तारे आले. अर्ध्यापासून पाचपर्यंत. त्यात तंतू, प्रथिने, सुकामेवा यांचे गुण मिळाले की मिठाचा दोष झाकला जातो. खारवलेल्या पदार्थाला तारे लावण्याची ही कल्पना ग्राहकाच्या डोक्यातून आली नसणार. जुलै २०२४ मध्ये ठळक, मोठ्या अक्षरांचा प्रस्ताव आपण मंजूर केला. एप्रिल २०२५ मध्ये दर्शनी खुणेच्या निर्णयासाठी सर्वोच्च न्यायालयाला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, आणि जुलैमध्ये ती वाढवावी लागली.

चिलीने २०१६ मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत ब्रेड आणि चिप्समधल्या मिठाला कायद्याची कमाल मर्यादा लागू झाली. तिथेही कारखाने होते, हरकती होत्या.

माझे तीन प्रश्न आहेत. ताऱ्यांची योजना आपण कायमची रद्द केली आहे का? ‘मीठ जास्त’ अशी इशाऱ्याची खूण दर्शनी बाजूला, राज्याच्या भाषेसह, कोणत्या तारखेपासून सक्तीची होईल? आणि या मसुद्यांवर बैठका झाल्या, तेव्हा उद्योगांचे किती प्रतिनिधी बसले होते आणि रुग्णांचे किती? विषय समितीपुढे विचाराधीन आहे, हे उत्तर आमच्याकडे आधीच आहे. ते पुन्हा पाठवू नये.

आपला,
एक ग्राहक