चोर आलाच नव्हता

एखाद्या दवाखान्याची, कार्यालयाची किंवा ट्रस्टची कागदपत्रे इंटरनेटवर उघडी सापडली की ठरलेला खुलासा येतो : "आमची साइट हॅक झाली." अनेकदा हे खोटे असते. कुलूप कुणी तोडलेले नसते. कुणीतरी पत्ता टाकला आणि सर्व्हरने कपाट उघडून दाखवले, इतकेच झालेले असते.

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबचे ४३ हजारांहून अधिक अहवाल असेच सापडले. नावांसकट, आणि त्यांत एचआयव्ही चाचण्यांचे निकालही. फोल्डरमधल्या फाइलींची यादी सर्व्हर येईल त्याला दाखवत होता. गूगलनेही ती टिपून घेतली होती. पासवर्ड चोरीला जाणार कसा? तो ठेवलेलाच नव्हता.

थोडे तंत्र सांगतो, कारण ते लोकांना कळत नाही याचाच फायदा घेतला जातो. अपाचे हे मोफत मिळणारे आणि चांगले वेब सर्व्हर सॉफ्टवेअर आहे. फोल्डरमध्ये मुख्य पानाची फाइल नसेल तर आतल्या सगळ्या फाइलींची यादी दाखवायची, अशी सोय त्यात आहे. 'इंडेक्सेस' नावाचा हा पर्याय सोबत येणाऱ्या नमुना सेटिंगमध्ये चालूच असतो. बंद करायला एक ओळ पुरते. खुद्द सॉफ्टवेअरमध्येही दोष निघतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाचेच्या २.४.४९ या आवृत्तीत साइटच्या फोल्डरबाहेरच्या फाइलीही वाचता येतात, असे आढळले. पहिली दुरुस्ती अपुरी पडली तेव्हा तीन दिवसांत दुसरी आली, तीही फुकट. पण ती बसवायला माणूस हवा ना! आपल्याकडे साइट बनवायचे पैसे देतात, सांभाळायचे नाहीत. बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला की सर्व्हर बेवारस.

एक्सरे, सीटी स्कॅन साठवणाऱ्या सर्व्हरची गत तीच. जर्मनीच्या ग्रीनबोन या कंपनीने २०१९च्या अखेरीस जगभरचे असे उघडे सर्व्हर तपासले. भारतात सर्वाधिक प्रतिमा महाराष्ट्रातल्या निघाल्या, जवळपास ७ कोटी.

"गरिबाला लपवायला असतं काय?" हे मी सोलापुरात शिकल्यासवरल्या विश्वस्तांकडून ऐकले आहे. विडी वळणारी बाई मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी आधार, रेशन कार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला असे सगळे स्कॅन करून देते. नवरा वारला असेल तर तो दाखलाही. असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या लेकीसुनांचे रिपोर्ट विजापूर वेशीत फलकावर लावावेत, मग बोलू.

सरकारचे तरी काय वेगळे? केंद्र-राज्यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांकांसह झळकत होत्या, हे आधार प्राधिकरणाने २०१७ मध्ये माहिती अधिकारात स्वतः कबूल केले. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, आधारची माहिती विकली जाते हे दाखवणाऱ्या 'द ट्रिब्यून'च्या पत्रकाराचे नाव प्राधिकरणाच्या तक्रारीवरून एफआयआरमध्ये आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ला अप्रामाणिक हेतू लागतो खरा, पण तो नव्हता हे पटवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून उघडे फोल्डर दिसले तरी शहाणा माणूस गप्प बसतो.

आता २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दाखवला जातो. हलगर्जीला २५० कोटींपर्यंत दंड! पण तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याचा रिपोर्ट फुटला त्याला दमडी नाही. उलट भरपाईचे जुने कलम, ४३-अ, हाच कायदा काढून टाकतो. सुरक्षेची जबाबदारी टाकणाऱ्या तरतुदींना नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. त्याच कायद्यातली माहिती अधिकाराला कात्री लावणारी दुरुस्ती मात्र अधिसूचनेबरोबरच लागू झाली. घाई कशाची होती, ते दिसते.

सरकारशी भांडण चालू ठेवूच. पण आपल्या जमातीच्या, मोहल्ल्याच्या संस्थांना मे २०२७ची वाट पाहायची गरज नाही. जकातीच्या मदतीचा अर्ज स्कॅन करून घेणाऱ्याला याच आठवड्यात विचारा : ही फाइल ठेवणार कुठे, फोल्डरची यादी बंद केली आहे का, सर्व्हर शेवटचा कधी अपडेट केला, आणि काम झाल्यावर माझे कागद पुसणार कधी?