मानपत्रापूर्वी थोडी चौकशी

गेल्या काही वर्षांत आपल्या इंदूर नगरीत पुरस्कारांना भलताच बहर आला आहे. ‘उत्कृष्ट गृहप्रकल्प’, ‘वर्षातील विकासक’, ‘समाजनेतृत्व सन्मान’ अशी बिरुदे तारांकित हॉटेलांच्या सभागृहांत वाटली जातात. प्रवेशिकेचे शुल्क विकासकाने भरावयाचे, भोजनाची टेबले त्यानेच घ्यावयाची आणि दुसऱ्या दिवशीची पानभर जाहिरातही त्याचीच. ती व्यापाराची रीत आहे, तीविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु सभागृहाच्या डागडुजीस देणगी दिली की ‘समाजभूषण’, ही प्रथा आता आपल्या मराठी मंडळांच्या व्यासपीठांवरही शाल-श्रीफळ घेऊन अवतरली आहे, म्हणून लेखणी उचलावी लागली.

सन्मान करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. या गावाची परंपरा तर थोर आहे. 1917-18 च्या सुमारास होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकारास येथे पाचारण केले, तेव्हा प्लेगने शहर गांजले होते. गेडीस यांचे चरित्रकार सांगतात की, त्यांनी दिवाळीला एक मिरवणूक योजली आणि ती नेहमीच्या मार्गाने न नेता, ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ होतील त्यांतून नेण्याचे जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, रंगविली, कचरा गाड्या भरभरून बाहेर काढला. बक्षीस मिळाले ते गल्लीला!

दुसरे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांदेखतचे. इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी यांनी आखलेल्या अरण्य वसाहतीस 1995 साली आगाखान वास्तुकला पुरस्कार लाभला. गरिबास जोते, शौचालय व पाण्याची सोय द्यावी, पुढले घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी ती कल्पना. या पुरस्काराचा दंडकच असा की, वास्तू पूर्ण होऊन वापरात असली पाहिजे आणि तज्ज्ञाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन ती तपासली पाहिजे. पुढे काही गरिबांनी आपले प्लॉट विकले, ही टीकाही झाली. असो. निदान कोणी तरी जाऊन पाहिले होते. आमच्याकडे मात्र पायाही न खणलेल्या इमारतीच्या रंगीत चित्राला करंडक मिळतो.

ज्या शहरात डायरीवरच्या नोंदींनी प्लॉटचे सौदे झाले आणि गृहनिर्माण संस्थांचे सभासद दशकानुदशके ताब्याची वाट पाहत राहिले, तेथे ही निष्काळजी क्षम्य नव्हे. आणि येथे आम्ही स्वतःस वगळत नाही. महसूल खात्यात असताना अशाच एका समारंभात एका संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या खांद्यावर आम्ही स्वहस्ते शाल घातली. तिसऱ्या रांगेत आमच्या आळीतील एक काकू बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांनी त्याच संस्थेत प्लॉटसाठी पैसे भरले होते. यजमान गेले, पावत्या उरल्या. कार्यक्रम संपल्यावर काकूंनी एवढेच विचारले, “भाऊसाहेब, माझ्या पावतीचं त्यांना विचारलंत का हो?” आम्ही विचारले नव्हते. खरे म्हणजे विचारण्याचे सुचलेही नव्हते.

आज तर सबबही उरलेली नाही. 2016 च्या रेरा कायद्याने प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे, पूर्णत्वाची मुदत हे सारे जनतेस पाहण्यास खुले केले. ग्राहकांच्या रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन घातले, आणि ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली. ज्यांना मानपत्राचा मसुदा करण्यास आठवडा मिळतो, त्यांना ही माहिती वाचण्यास तासभर मिळू नये?

कोणी म्हणेल, देणगीदार दुखावेल. दुखावू द्या. देणगीची पावती फाडावी, आभाराचे पत्र द्यावे, दालनाला हवे तर नावही द्यावे. पण ‘समाजभूषण’ ही पदवी पावतीबरोबर देऊ नये. देणगी व सन्मान ही दोन खाती आहेत, आणि ती एका वहीत लिहिणारा कारकून आमच्या कचेरीत टिकला नसता.

आमची कार्यकारिणीस विनंती आहे की, यंदाच्या समारंभाची निमंत्रणपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी दोन सभासदांनी सत्कारमूर्तींच्या एखाद्या जुन्या वसाहतीत जावे. रस्ता, ड्रेनेज, पाणी पाहावे, बगिच्याच्या जागेवर काय उभे आहे ते पाहावे, चार घरी चहा घ्यावा आणि रजिस्ट्री व नामांतरण झाले का, हे विचारावे. सोबत कोणी नसेल तर आम्ही येऊ. रविवार सकाळ आम्हांस मोकळी असते.