सहा आठवडे पाय मातीत घालायचा नाही

पायाच्या अंगठ्यावर लेख लिहिते आहे, असं सांगितलं तेव्हा आमच्या गटातली एकजण हसली. म्हणाली, "मारहाण झाली, दारू झाली, सातबाऱ्यावरचं नाव झालं. आता अंगठ्याचंही राजकारण का?" मला वाटतं, आहे. म्हणूनच लिहायला बसले.

दिग्रसमध्ये आणि आसपासच्या गावांत, तांड्यांवर बचतगटाची बैठक भरते, तेव्हा दाराशी काढून ठेवलेल्या चपलांकडे एकदा नीट बघा. चारपाच चपलांचा तरी आतल्या बाजूचा पट्टा ब्लेडने कापलेला असतो, नाहीतर तिथेच फुगून उसवलेला असतो. ती जागा अंगठ्याच्या मुळाशी वर आलेल्या हाडाची. बायका म्हणतात, "हाड वाढलं." डॉक्टर त्याला 'हॅलक्स व्हॅल्गस' म्हणतात, आणि बोलताना 'बनियन'. हा शब्द मी बैठकीत उच्चारला तर सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नवऱ्याची बनियनं धुता धुता जन्म गेला, आता पायातही बनियन निघालं!

हसणं थांबल्यावर मी विचारलं, दुखतं का? एक वयस्क बाई म्हणाल्या, "पाय तं साऱ्याईचेच दुखते वं बाई. त्याले का दाखवाचं?" या उत्तरावर माझा सगळा लेख उभा आहे.

खरं म्हणजे हाड वाढलेलं नसतंच, निदान सुरुवातीला तरी. अंगठ्यामागचं पावलातलं लांब हाड हळूहळू दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकतं आणि अंगठा उलट करंगळीकडे कलतो. मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. त्यावर चप्पल घासते, सूज येते, कातडी जाड होते. अंगठा आपलं काम सोडतो आणि शरीराचा भार शेजारच्या बोटांखाली जातो. तिथे घट्टे पडतात. पुढे दुसरं बोट अंगठ्यावर चढतं. जोडवी त्याच बोटात असतात. ती रुततात, पण काढायची कुणाची हिंमत होत नाही. (पूर्वी अंगठ्यातही अनवट घालत. बाईच्या पायाच्या बोटांना सौभाग्य लागू आहे, औषध नाही!)

हा त्रास बायकांना जास्त होतो, हे काही आपलं मत नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१० मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे तीस आणि पुरुषांमध्ये सुमारे तेरा असं निघालं. उतारवयात ते आणखी वाढतं. त्याचा कल आईकडून, आजीकडून येतो. काहींचे सांधे मुळातच सैल असतात, काहींना संधिवात असतो. आणि वरून पायताण. हाँगकाँगमध्ये १९५८ साली झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. तिथे बूट वापरणाऱ्यांपैकी तेहतीस टक्के लोकांचे अंगठे कमीजास्त वाकलेले होते. अनवाणी राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होतं.

यावरून शहरातला एखादा शहाणा म्हणेल की मग शेतातल्या बाईला कशाला होईल? ती तर अनवाणी! त्याने एकदा कापूस वेचणीला यावं. ज्वारीची धसकटं, काटे आणि सापाची भीती असताना अनवाणी कोण जातं? आमच्या बायका अंगात नवऱ्याचा जुना शर्ट घालतात आणि पायात बाजारातले स्वस्त प्लास्टिकचे बूट, नाहीतर घरातल्या कुणाचे तरी टाकलेले. पायाचं माप कुणी घेत नाही. पुढून चिंचोळे असले तरी तेच, लांब असले तर आत चिंधी. अशा बुटात दिवसभर ओली काळी माती चिकटवत निंदण करायचं, पाठीला बांधलेल्या ओट्यात कापूस भरत तासाच्या तास चालायचं. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं मेली, तेव्हा निदान हातमोजे, मास्क, चष्मा यांची चर्चा झाली. ती फवारणाऱ्या पुरुषांसाठी होती आणि हवीच होती. वेचणाऱ्या बाईच्या पायात काय असतं, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

आता शस्त्रक्रियेविषयी. मोठ्या शहरांतल्या खाजगी दवाखान्यांच्या जाहिराती मोबाईलवर आपल्याही घरात पोचल्या आहेत. "छोट्या छिद्रातून उपचार, मोठी चीर नाही, त्याच दिवशी चालत घरी." हे खोटं नाही. पण अर्धंच आहे. जुन्या पद्धतीत पावलाच्या बाजूला काही इंच लांब चीर देऊन सांधा उघडतात, हाड कापतात आणि सरळ बसवतात. नव्या पद्धतीत चारपाच मिलिमीटरची दोनतीन छिद्रं पाडतात. त्यांतून एक बारीक फिरतं पातं आत जातं, क्ष-किरणाच्या पडद्यावर बघत बघत हाड कापलं जातं, सरकवलं जातं आणि स्क्रूने पक्कं केलं जातं. मांस आणि कातडी कमी दुखावते, व्रण लहान राहतो, सुरुवातीच्या दिवसांत वेदना कमी असतात. सपाट, कडक तळाचा खास बूट घालून टाच टेकत लगेच चालताही येतं. ज्यांना हे मिळालं त्यांच्यासाठी चांगलंच झालं. मी या तंत्राच्या विरोधात नाही.

पण छिद्र लहान म्हणून शस्त्रक्रिया लहान होत नाही. आत हाड कापलेलंच असतं, आणि हाड जुळायला जो वेळ लागतो तो लागतोच. साधारण सहा आठवडे तो खास बूट, त्यानंतर हळूहळू नेहमीची चप्पल, आणि सूज तर कित्येक महिने राहते. पातं फार तापलं तर हाड आणि कातडी भाजते. बारीक नस दुखावली तर अंगठा बधिर होतो. काही जणींचा अंगठा वर्षांनंतर परत कलतो. डॉक्टरांनाही हे तंत्र हातात बसायला बरीच पावलं लागतात. ब्रिटनमध्ये उपचारांची पारख करणाऱ्या 'नाईस' या सरकारी संस्थेने २०१० मध्ये या पद्धतीचा पुरावा अपुरा आहे, जपून वापरा, असं म्हटलं होतं. त्यानंतर स्क्रू आले, तंत्र सुधारलं, अनुभव वाढला. तरी एक गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. ही शस्त्रक्रिया दुखण्यासाठी करायची असते, पाय नाजूक दिसावा म्हणून नाही.

आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. पन्नाशीच्या पुढच्या, भूमिहीन, मजुरीवर जगणाऱ्या. दोन्ही अंगठे वाकलेले, उजव्या पायाचं दुसरं बोट वर चढलेलं. मुलगी शहरात नोकरी करते. तिने जाहिरात बघितली आणि आईला एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर सभ्य होते, सगळं समजावून सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून मुलगी गप्प झाली, पण कर्ज काढायला तयार होती. आईने एकच प्रश्न विचारला. "पाय मातीत किती दिवस घालाचा नाही?" सहा आठवडे, डॉक्टर म्हणाले. बाई उठल्या आणि चपला घालू लागल्या.

मी नंतर त्यांच्याशी बोलले. म्हटलं, उन्हाळ्यात करा, तेव्हा शेतात काम नसतं. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागतं, ते कोण आणेल? सरपण तेव्हाच गोळा करून ठेवायचं. लग्नं तेव्हाच, आणि लग्नघरी भाकरी थापायला बोलावतात, त्याचे चार पैसे येतात. पावसाळ्यात निंदण. दसऱ्यापासून वेचणी, ती संक्रांतीच्या पुढे जाते. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत त्यांना सलग सहा सापडले नाहीत. नवरा आहे, धडधाकट आहे. त्याला हंडा उचलता येणार नाही का, हे त्यांनी गृहीतच धरलं नव्हतं. मीही लगेच विचारलं नाही, उगाच त्यांना चीत केल्यासारखं झालं असतं.

म्हणून मी म्हणते की आपल्याकडे या शस्त्रक्रियेची खरी किंमत दवाखान्याच्या बिलावर छापलेली नसते. शहरातली नोकरदार बाई पगारी रजा टाकते, खुर्चीत बसून पाय उशीवर ठेवते. मजूर बाईची विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी अधिक घरात न झालेलं काम. तंत्राने चीर चार इंचांवरून चार मिलिमीटरवर आणली. सहा आठवडे कमी करणं त्याच्या हातात नाही. ते आपल्या घराच्या आणि गावाच्या हातात आहे.

लहान छिद्रातली शस्त्रक्रिया आपल्या बायकांना नवीन आहे असंही नाही. कुटुंब नियोजनाची 'दुर्बिणीची' शस्त्रक्रिया गावोगाव शिबिरं भरवून पोचवली गेली. तेव्हा ना रस्त्याची अडचण आली, ना यंत्रांची. नसबंदी पुरुषाची सोपी असते, तरी टेबलावर बाईच. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर अशी शस्त्रक्रिया झाली. त्या शिबिरांतल्या १३ जणी दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा. २०१९ मध्ये आपल्याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. पाळीचे दिवस आणि आजारपण म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड, म्हणून पिशवीच काढून टाका! सरकारच्या आकड्यासाठी, मुकादमाच्या सोयीसाठी बाईच्या पोटात दुर्बीणही जाते आणि सुरीही. तिच्या स्वतःच्या दुखण्यासाठी मात्र तिचा पाय कुणी हातात घेऊन बघत नाही.

न विचारलेलं दुखणं दिसत नाही, हे विदर्भानेच जगाला दाखवलं आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. त्यांच्यापैकी फार थोड्या आधी कधी कुणाकडे गेल्या होत्या. अंगावरून जाणं हे बाईच्या जातीला लागलेलंच, असं त्याही म्हणत होत्या. "पाय तं साऱ्याईचेच दुखते" हे त्याच वळणाचं वाक्य आहे.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. कित्येकींचं पुढून रुंद, मऊ पट्ट्याच्या चपलेने, बोटांमध्ये ठेवायच्या मऊ गादीने बरंच भागतं. वाकलेला अंगठा त्याने सरळ होत नाही, पण घासणं आणि दुखणं कमी होतं. रात्री बांधायचे पट्टे अंगठा कायमचा सरळ करतात असं कुणी विकायला आलं तर पैसे देऊ नका. मधुमेह असेल आणि हाडावर जखम झाली असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. रोजचं चालणंच अवघड झालं असेल तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे, तिथे दाखवा. उभं राहून, पायावर भार देऊन क्ष-किरण काढायला सांगा. झोपून काढलेल्यात वाक कमी दिसतो. योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा आणि उत्तर लिहून मागा. खाजगीत जाणार असाल तर डॉक्टरांना न लाजता विचारा, ही छिद्राची पद्धत तुम्ही किती जणींवर केली? परत वाकला तर काय? चीर देऊन केलं तर माझ्या पायाला काय फरक पडेल? उघडी शस्त्रक्रिया चांगल्या हातांनी झाली तर तीही उत्तम होते, हे जाहिरातीत नसतं.

दुसरं, बचतगटांसाठी. आपण बाळंतपणाला कर्ज देतो, लग्नाला देतो. सहा आठवड्यांच्या विश्रांतीसाठी बिनव्याजी उचल द्यायला काय हरकत आहे? आणि त्या घरातल्या पुरुषाला बैठकीत बोलावून पाण्याचे हंडे कोण आणणार, हे सगळ्यांसमोर ठरवायला? कर्जाच्या कागदावर त्याची सही घेतोच की आपण.

आम्ही पुढच्या महिन्यापासून एक करणार आहोत. बैठकीला जुनं वर्तमानपत्र आणि पेन्सिल न्यायची. प्रत्येकीने त्यावर उभं राहायचं, शेजारणीने तिच्या पावलाभोवती रेघ मारायची, आणि मग तिची चप्पल त्या आकृतीवर ठेवून बघायची. रेघ चपलेच्या किती बाहेर जाते ते मोजायचं आणि वहीत नावापुढे लिहायचं. शाळेत जाणाऱ्या मुलींचेही पाय आखा, त्यांचे काळे बूट तर दोन वर्षं तेच असतात. तुमच्या गावात आखाल तर आकडे आम्हाला कळवा. पुरेसे जमले की ते घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जायचं आहे. चपलाही बरोबर नेऊ, ब्लेडने कापलेल्या.