पीएच.डी. झाली, आता पुन्हा कसलं शिक्षण?

गेल्या आठवड्यात आमच्या चाळीतले एक काका संध्याकाळी घरी आले. महापालिकेतून निवृत्त झालेले. थोरली मुलगी मेकॅनिकल इंजिनियर, नुकतीच पीएच.डी. झालेली. आता ती म्हणते, जर्मनीला पोस्टडॉकला जाते. काका म्हणाले, "साहेब, अजून किती वर्षं शिकणार ही? पाहुणे विचारतात, पोरगी नापास होते की काय?"

मी पडलो बी.कॉम. कारकून. मशीनमधलं मला काय कळणार! पण हिशेब मांडता येतो. कागद घेतला.

बारावीला अठरा. बी.ई.ची चार वर्षे, बावीस. गेट परीक्षा देऊन एम.टेक.ची दोन, चोवीस. पीएच.डी.ला पाच, एकोणतीस. यात नापास कुठेच नाही. पीएच.डी.त आधी विषयांचे पेपर, मग पात्रता परीक्षा, मग प्रयोग. प्रयोग फसला की सहा महिने गेले समजा. शेवटी प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि तोंडी परीक्षा होते. तारीख आपल्या हातात नसते.

काकांना वाटत होतं, एवढी वर्षे पोरगी बिनपगारी. तसं नाही. गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन असते. पीएच.डी.ची केंद्राची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे ३७,००० आणि पुढे ४२,००० आहे. हे कर्ज नव्हे, फेडायचे नसते. मात्र पैसे वेळेवर येतील या भरवशावर घरचा हप्ता बांधू नये. कित्येक मुलांनी महिनोन् महिने वाट पाहिली आहे.

आणखी एक, आयाबायांनो, हे कापून ठेवा. गेटच्या फॉर्मला जातीचा दाखला लागतो. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण दाखला केंद्राच्या नमुन्यातच हवा. राज्याचा जोडला की काम अडते. तहसील कचेरीचे हेलपाटे बी.ई.च्या तिसऱ्या वर्षालाच उरकून घ्या.

आता पोस्टडॉक. ही पदवी नाही, पगारी काम आहे. एक-दोन वर्षांच्या कराराने दुसऱ्या प्रयोगशाळेत संशोधन करायचे. करार संपला की पुन्हा अर्ज. कायम नोकरीची हमी नाही. मग जायचे कशाला? आयआयटीत सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या श्रेणीला पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात. तो असा गोळा होतो.

काकांनी कागद दोनदा वाचला. "लग्नाचं काय?" म्हणाले. मी म्हटलं, ते तिला विचारा, माझ्या हिशेबात तो रकाना नाही. काकू दारातच उभ्या होत्या, त्या हसल्या. निघताना काकांनी 'पोस्टडॉक' हा शब्द मोठ्या अक्षरात लिहून मागितला. मेव्हण्याला दाखवायचाय म्हणाले.